मदत हवी आहे : एकत्रित जाहिरातीचा खर्च कसा वाटावा?
नमस्कार. एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या आम्ही पाच लहान व्यावसायिकांनी छापील पत्रके आणि समाजमाध्यमांवरील जाहिरात एकत्रितपणे करण्याचे ठरवले आहे. समान वाटणी सोपी असली, तरी कमी उलाढाल असलेल्याला ती जड जाते; उलाढालीच्या प्रमाणात वाटावे, तर प्रत्येकाला आपले आकडे उघड करावे लागतात, आणि तिथेच सगळे गप्प होतात. पत्रकातील जागेनुसार वर्गणी ठेवणे मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. प्रत्येकाचा वेगळा कूपन कोड छापला, तर कोणाकडे किती ग्राहक आले हे मोजता येईल. मात्र कोड न सांगताच येणारे ग्राहक कसे धरावेत? शिवाय एखादा भागीदार मध्येच बाहेर पडल्यास त्याच्या वाट्याचे काय करावे, याविषयी लेखी करारात कोणती कलमे असावीत, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.