रियाज किती तास, की कशाचा?

चौपाडकर:
पंचेचाळिशीत तबला धरला. दुकान बंद करून घरी यायला साडेनऊ, हातात उरतो पाऊण तास. वर्षभर रोज एकच क्रम: 'धाधा तेटे धाधा तूना' हा कायदा (ठरलेल्या बोलांची रचना), पलटे (त्याच बोलांची उलटापालट), शेवटी तीनदा वाजवायची तिहाई, उठलो. दुगुन, म्हणजे दुप्पट लय, केली की 'टे' गायब, आणि मी 'होईल उद्या' म्हणत पुढे पळायचो. दोन महिन्यांपूर्वी क्रम मोडला. दहा मिनिटं नुसतं तेटे, लेहऱ्याच्या (तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती धून) अ‍ॅपवर मिनिटाला ६० मात्रांची लय. मधलं बोट आणि तर्जनी सारखी बोलेपर्यंत लय वाढवायची नाही. वीस मिनिटं अडणारा पलटा, तोही अडतो तिथलाच तुकडा. शेवटची पंधरा सगळा कायदा न थांबता, मोबाइलवर रेकॉर्ड करून. उद्या काय घ्यायचं ते रेकॉर्डिंगच सांगतं. तीन-तीन तास घोटणाऱ्यांचा हेवा वाटत नाही आता.

पूर्वभागवाला:
घड्याळ लावून रियाज? अर्धा तास तर हात गरम व्हायलाच जातो! गुरुजींनी मला सहा महिने एकच कायदा वाजवायला लावला. साथीला बसल्यावर गायक तुमच्या 'टे'साठी थांबणार आहे का?

चौपाडकर:
म्हणून तर शेवटची पंधरा मिनिटं न थांबता. पण तुमच्यासमोर गुरुजी होते ना? मी रात्री भिंतीसमोर एकटा. कायद्याच्या खालीत, म्हणजे बिनघुमाऱ्याच्या भागात, 'ताता'ला डग्गा (डाव्या हाताचा) गप्प पाहिजे, माझा वर्षभर घुमत होता. हे तीन तास घासलं असतं तर काय पक्कं झालं असतं?

पेटीवाली:
दोघंही रोज तेच घोटताय. मी पेटी शिकवते. एकच अलंकार, म्हणजे सुरांचा ठरावीक क्रम, तासभर वाजवला की मुलं त्या दिवशी सुरेख वाजवतात, दुसऱ्या दिवशी गाडं पुन्हा मूळपदावर. अलंकार, तान, बंदिश आलटूनपालटून घेतलं की अडखळतात, कुरकुरतात, पण आठवड्यानं हातात असतं.

पूर्वभागवाला:
टिकतं, मान्य. दम कुठून आणणार? सलग अर्धा तास एकल वाजवून बघा, मनगट बोलायला लागेल. आणि अ‍ॅप कसलं? शेजारी कापडाचा लूम चालू असायचा, लय त्यानंच शिकवली.

चौपाडकर:
लूम लयीला पक्का, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे ते सांगत नाही हो! दमाचं मात्र पटलं. रविवारी दीड तास सलग बसतो. दुपारी नाही, एप्रिलच्या उन्हात आपल्याकडे तबल्याचा सूर असा चढतो की हातोडी घेऊनच बसावं लागतं.