आई-बाबांचे पासवर्ड कशात ठेवावेत? बजेट वर्षाला ५०० रुपये

नेरूळची_मुक्ता
नमस्कार मंडळी. आई-बाबा ठाण्याला नौपाड्यात, मी नेरूळला. दोघंही सत्तरी ओलांडलेले. बाबांकडे बँकेने कधीकाळी दिलेली डायरी आहे आणि घरातले सगळे पासवर्ड तिच्यात आहेत: दोन बँका, आयकर, डिजिलॉकर, वीजबिल, घरपट्टी, गॅस, रेल्वेची तिकिटं, ईमेल.

गेल्या आठवड्यात बँकेचं खातं लॉक झालं. डायरीत एस मोठा आहे की छोटा तेच कळत नव्हतं, पुढचं अक्षर शून्य की ओ त्याचाही पत्ता नाही. जुन्या पासवर्डवर काट, शेजारी नवा, त्यावरही काट आणि तिथून एक बाण थेट मागच्या पानावर. त्या पानावर दूधवाल्याचा हिशोब! वर बहुतेक ठिकाणी बाबांचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, असा एकच पासवर्ड. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

दोघांकडे साधे अँड्रॉइड फोन आहेत. आईलाही वापरता यायला हवं आणि मला नेरूळहून बघता आलं तर बरं. खर्च वर्षाला ५०० च्या आत, फुकट असेल तर उत्तम. नवा फोन घ्यायचा नाही. काय सुचवाल?

घोडबंदर_पक्या
सरळ आयफोन घेऊन द्या. मी आईला दिला आणि कटकट संपली. २०२४ मध्ये आयओएस १८ आलं तेव्हापासून पासवर्डचं वेगळं ॲपच मिळतं त्यात, कुटुंबात शेअरही करता येतात. चेहरा दाखवला की उघडतं. हप्त्यावर घेतला तर जाणवतही नाही.

नेरूळची_मुक्ता
पक्या, नवा फोन नको असं लिहिलंय वर.

वाशी_सेक्टर_१७
मी गेली काही वर्षं वन पासवर्ड हे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप वापरतोय, फॅमिली प्लॅन, पाच जणांचा. बायको, मुलगा, सासू-सासरे सगळे एकात. एकाने मास्टर पासवर्ड, म्हणजे ॲप उघडायचा मुख्य पासवर्ड, विसरला तरी दुसरा त्याला परत आत घेऊ शकतो. पैसे डॉलरमध्ये जातात, तुमच्या पाचशेत बसणार नाही, पण सुरक्षिततेत काटकसर करू नये या मताचा मी आहे. दारासाठी चांगलं कुलूप घेतोच ना आपण?

कळवा_कारशेड
कुठल्याच कंपनीच्या हातात किल्ल्या देऊ नका. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच ॲपमधून लोकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डच्या, प्रती चोरीला गेल्या, हे जगजाहीर आहे. मी कीपास हा पासवर्ड ठेवायचा प्रोग्रॅम वापरतो. एकच फाइल, ती आपल्याच कॉम्प्युटरवर आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही. पाच रुपयेही खर्च नाही.

वाशी_सेक्टर_१७
आणि पेन ड्राइव्ह बिघडला की? सत्तरीच्या माणसाला फाइलची प्रत काढायला सांगणार का तुम्ही?

कळवा_कारशेड
दोन पेन ड्राइव्ह ठेवायचे.

सानपाडा_संध्या
लास्टपासचं अर्धवट सांगू नका, लोक उगाच घाबरतात. चोरीला गेलेल्या प्रतींमधले पासवर्ड कुलूपबंद होते. साइटचे पत्ते मात्र उघडे होते, ही त्यांची मोठीच चूक. खरा धोका ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांना.

मुक्ता, तुमची धास्ती बरोबर जागी आहे. बाबांचा पासवर्ड कुणी बसून ओळखत नाही. कुठल्यातरी लहानशा दुकानाच्या साइटवरून ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या फुटतात, मग चोरटे त्याच जोड्या शेकडो साइटवर यंत्राने लावून बघतात. एक किल्ली सगळ्या कुलपांना लागत असेल तर एक फुटलं की सगळी उघडी. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड बाहेर आले, जसेच्या तसे, कुलूप न लावलेले. त्यात सगळ्यात जास्त वेळा काय होतं? एक ते सहा आकडे ओळीने. बाबांचा ईमेल कुठे फुटलाय का ते हॅव आय बीन पोन्ड या साइटवर फुकट बघता येतं.

माझा सल्ला: बिटवॉर्डन, हेही पासवर्ड ठेवायचं ॲप. फुकट खात्यात पासवर्ड कितीही आणि फोनही कितीही चालतात. दोन माणसांना एक सामाईक तिजोरी करता येते. पण त्याआधी, ॲप कुठलंही घ्या, ईमेल सुरक्षित करा. बाकीच्या किती खात्यांचा 'पासवर्ड विसरलात?' त्या ईमेलवर येतो ते बघा. ईमेल गेला की ती सगळी गेली.

महापे_नाइटशिफ्ट
पासवर्डचं नाव काढू नका. आमच्या ऑफिसात दर ४५ दिवसांनी बदलायला लावतात, जुना चालत नाही, मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. रात्री दोनला लॉगिन होत नाही तेव्हा हेल्पडेस्क झोपलेलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा तर मॉनिटरच्या खाली चिठ्ठी चिकटवून मोकळा झालाय.

सानपाडा_संध्या
तुमच्या आयटीवाल्यांना सांगा, हा नियम अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच सोडला. पासवर्ड फुटल्याची शंका असेल तरच बदला, विनाकारण ठरावीक मुदतीने नको, असं त्यांनी लिहिलं. २००३ चा जुना नियम ज्यांनी लिहिला त्या बिल बर यांनीही पुढे त्याबद्दल खंत व्यक्त केली. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो, दुसरं काही करत नाही. त्यापेक्षा लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द रोमन लिपीत लिहून जोडा. शब्द फाशाने निवडले तर उत्तम, मनाने निवडले की माणूस देव, मुलं आणि गाव यांच्या बाहेर जात नाही. देवनागरीत ठेवू नका, बऱ्याच साइट घेत नाहीत.

महापे_नाइटशिफ्ट
सांगून बघितलंय. ऑडिटमध्ये लागतं म्हणतात.

तलावपाळी_काका
सगळे प्रतिसाद वाचले. मुक्ता, बाबांची डायरी टाकू नकोस. परदेशात बसलेला चोर तलावपाळीवरच्या माझ्या घरातल्या कपाटात हात घालू शकत नाही. मी निवृत्त झाल्यापासून डायरीच वापरतो आणि आजपर्यंत एक रुपया गेलेला नाही. युक्ती एकच: पासवर्ड अर्धा लिहायचा. शेवटची चार अक्षरं सगळीकडे सारखी आणि ती फक्त आपल्या डोक्यात. डायरी कुणाच्या हाती लागली तरी उपयोग शून्य.

घोडबंदर_पक्या
काका, घरात कामाला माणसं येतात, डायरी टेबलावर पडलेली असते. त्याचं काय?

तलावपाळी_काका
टेबलावर पडलेली असते असं कोण म्हणालं? आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंवर उठसूट संशय घ्यायची पद्धत मला पसंत नाही. आमच्याकडे त्या वीस वर्षं येतात.

ऐरोली_डी_मार्टजवळ
मुद्दा भलतीकडे चाललाय. आमच्या सासऱ्यांचा पासवर्ड कुणी चोरलाच नाही. वीज कंपनीच्या नावाने मेसेज आला, बिल अपडेट नाही, आज रात्री लाइट कापणार. सासऱ्यांनी त्या नंबरवर फोन केला. समोरच्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यातून फोनचा स्क्रीन त्याला दिसायला लागला, आणि ओटीपी आला तो दोघांनी एकदमच वाचला. पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून काही रक्कम तरी पुढे जायची थांबली. १९३० हा नंबर आई-बाबांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

सानपाडा_संध्या
ऐरोलीकरांना अनुमोदन. आई-बाबांना एवढं पक्कं सांगा की पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

कोपरखैरणे_७८
बाकीचे प्रतिसाद वाचले नाहीत. बिटवॉर्डन वापरा, फुकट आहे, मस्त आहे.

जांभळीनाका_झेरॉक्स
माझं दुकान आहे म्हणून सांगतो. रोज लोक आधारची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि खाली पासवर्डही लिहितात. लिहायची गरजही नसते: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी प्रिंट काढली की समोरच फाइल उडवतो आणि गिऱ्हाइकाला दाखवतो. सगळेच उडवतात असं नाही. मुक्ताताई, आई-बाबांना सांगा, प्रिंट झाल्यावर दोन मिनिटं काउंटरवर थांबायचं आणि फाइल डिलीट झालेली बघूनच निघायचं.

नेरूळची_मुक्ता
सगळ्यांचे आभार. संध्याताई, रविवारी बाबांच्या फोनवर बिटवॉर्डन टाकून पाहिलं. रेल्वे आणि वीजबिलाला छान चाललं. एका बँकेचं ॲप मात्र आपोआप भरलेला पासवर्ड घेईना, चिकटवूही देईना. मग बाबा एका ॲपमधून बघून दुसऱ्यात टाइप करायला लागले, मध्येच स्क्रीन बंद, की पुन्हा मास्टर पासवर्ड. बोटाने उघडावं म्हटलं तर आईच्या बोटांचे ठसे घासलेत, फोन ओळखतच नाही. तिला आधारच्या वेळीही हाच त्रास झाला होता.

बेलापूर_सीबीडी
मग क्रोममध्येच सेव्ह करा ना. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा पासवर्ड मॅनेजर असतोच, वेगळं ॲप नको.

कळवा_कारशेड
म्हणजे परत सगळं गूगलच्या हातात.

बेलापूर_सीबीडी
ईमेल कुठे आहे तुमचा? गूगललाच ना?

वाशी_सेक्टर_१७
म्हणून म्हणत होतो, पैसे मोजा.

सानपाडा_संध्या
आईंच्या बोटांसाठी: अंगठ्याऐवजी मधलं बोट नोंदवून बघा, आणि एकच बोट दोनदा नोंदवा. बऱ्याचदा चालून जातं. आयकराचा पासवर्ड लक्षात ठेवायचीही गरज नाही, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यावर नवा करता येतो. म्हणून तो मोबाइल नंबर जपा.

नेरूळची_मुक्ता
ठरलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी कारणासकट लिहिते.

डायरीच ठेवतोय. नवी, एका पानावर एकच खातं. काट मारायची नाही, पासवर्ड बदलला की पान फाडून नवं लिहायचं. मोठ्या अक्षराखाली रेघ, शून्याच्या पोटात तिरकी रेघ. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, सगळे मी आणि बाबांनी बसून बदलले. डायरी कपाटाच्या लॉकरमध्ये, एक प्रत बंद पाकिटात माझ्याकडे नेरूळला. व्हॉट्सॲपवर फोटो अजिबात नाही.

काका, अर्धा पासवर्ड डोक्यात ठेवायचं मुद्दाम टाळलं. मागच्या वर्षी बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आईला वीजबिलसुद्धा भरता येईना, कारण सगळं त्यांच्या डोक्यात. आईला माझ्याशिवाय आणि बाबांशिवाय उघडता आलं पाहिजे, म्हणून पूर्ण लिहिलाय.

ईमेलला मात्र दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे नुसत्या पासवर्डवर उघडत नाही. फोन हाताशी नसेल तेव्हासाठी गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून डायरीच्या मागच्या कव्हरमध्ये. रिकव्हरीला माझा नंबर.

तलावपाळी_काका
पूर्ण लिहिणं मला पटलेलं नाही. निदान बँकेचे तरी अर्धे ठेव. आणि मागे ठेवलेले कोड डायरीबरोबरच नकोत, दोन्ही एकाच हाती लागतील.

नेरूळची_मुक्ता
कोडचं बरोबर आहे काका, ते माझ्याकडच्या पाकिटात हलवते. बँकेचं तसंच राहू दे.

सानपाडा_संध्या
मला ॲपच आवडलं असतं, पण प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड झाला, म्हणजे मोठा धोका टळला. एक राहिलं. बाबांचा फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सगळे ओटीपी त्याला. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक असतं, ते लावा, म्हणजे दुसऱ्या फोनमध्ये सिम आधी पिन मागतं. लावताना सिमचा आधीचा पिन विचारतात, तो अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि पीयूके कोड मागतं. सिमच्या कंपनीच्या दुकानातून विचारून घ्या.

नेरूळची_मुक्ता
हे माहीतच नव्हतं. शनिवारी ठाण्याला जातेय, तेव्हा गोखले रोडला दुकानात विचारून दोघांच्या सिमला लावते. तो पिन पण डायरीतच जाईल.

कोपरखैरणे_७८
बिटवॉर्डनला काय प्रॉब्लेम झाला?