गळाने मासे गरवण्याच्या फेऱ्या आणि पाच माणसांचे कुटुंब: गाडी निवडायला मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो आणि आमचे गाव गुहागर तालुक्यात आहे. घरात आई, आम्ही दोघे आणि १३ व ८ वर्षांची दोन मुले अशी पाच माणसे आहोत. पावसाळा सोडला तर महिन्यातून एकदा, शक्यतो उधाणाचे दिवस पाहून, मी गावी जातो आणि पहाटे खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) किंवा दाभोळच्या खाडीकाठी गरवायला बसतो. तांबोशी किंवा शेंगाळा मिळाला तर बर्फात घालून पुण्याला आणतो. बहुतेक वेळा सगळे कुटुंब बरोबर असते, त्यामुळे मासेमारीची गाडी वेगळी आणि घरची वेगळी असा विचार मला करता येत नाही.

सध्याची हॅचबॅक १३ वर्षांची आहे. मध्यंतरी तिला कुबट वास येऊ लागला, म्हणून डिकीतली चटई उचलून स्टेपनी बाहेर काढली. तिच्या खळग्यात बोटभर गढूळ पाणी साचले होते, त्यात खवले तरंगत होते आणि कडेच्या पत्र्याचा पापुद्रा नखाने निघत होता. बर्फाच्या पेटीचे बूच किंचित सैल होते, एवढेच कारण. खारे पाणी वरवर पुसले तरी मीठ मागे राहते, ते हवेतला ओलावा धरून ठेवते आणि पत्रा आतून खात राहते, हे तेव्हा नीट समजले. नवी गाडी घेताना डिकीचा तळ कसा आहे, हे मला इंजिनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

दुसरी अडचण गळाच्या काठ्यांची आहे. माझी मुख्य काठी १० फुटांची, दोन तुकड्यांची आहे, म्हणजे प्रत्येक तुकडा साधारण ५ फुटांचा. आज ते तुकडे डिकीतून पुढच्या दोन आसनांच्या मधून तिरपे ठेवावे लागतात आणि त्यांची टोके आईच्या खांद्याशी येतात. आई ७१ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. फार खाली बसावे लागणारी गाडी तिला चालत नाही आणि फार उंच चढावे लागणारीही नाही. ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट उतरून सहा-सात तास ती निमूटपणे काठ्या सांभाळत बसते, हे मला आता बघवत नाही.

रस्त्यांविषयी थोडे सांगतो. दापोलीकडून येताना आम्ही दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडतो. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीचा खाली सोडलेला लोखंडी दरवाजा यांच्यात असा कोन होतो की आमच्या गाडीचे नाक प्रत्येक वेळी घासते. त्यामुळे जमिनीपासूनची उंची पुरेशी हवी. मात्र वाळूवर गाडी न्यायची नाही, म्हणून चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या कृपया सुचवू नयेत. गुहागर, आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात. तिथे चाके फिरवणे मला पटत नाही.

सगळा खर्च धरून १३ लाखांपर्यंत जाण्याची तयारी आहे. वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर होतात. आजवर चार गाड्या पाहिल्या. ब्रेझाची जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटर आणि नेक्सॉनची २०८, त्यामुळे फेरीबोटीची काळजी मिटेल. पण डिकी अनुक्रमे ३२८ आणि ३८२ लिटर, आणि पाचही जण बसले की काठ्यांचा प्रश्न होता तिथेच राहतो. ट्रायबरची तिसरी रांग पूर्ण काढून ठेवता येते आणि मागे ६२५ लिटर जागा मिळते, शिवाय लांबी चार मीटरच्या आत असल्याने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सहज बसेल. तिचे १ लिटरचे इंजिन पाच माणसे, सामान आणि भरलेली पेटी घेऊन घाट कसा चढते, हीच शंका आहे. अर्टिगामध्ये तिसरी रांग अर्धी-अर्धी मुडपता येते, स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असल्याने डिकीत तो खळगा नाही, आणि आईला तिची आसने सर्वांत सोयीची वाटली. माझा कल तिच्याकडे आहे. सीएनजी घेतली तर टाकी डिकीतली जागा खाते, म्हणून पेट्रोलचाच विचार करतो आहे.

ज्यांनी या गाड्या कोकणात काही वर्षे वापरल्या आहेत, त्यांच्याकडून मला प्रत्यक्ष अनुभव हवा आहे. अर्टिगाची तिसरी रांग एका बाजूने मुडपली असता ५ फुटी तुकडा मधल्या रांगेतल्या माणसाला न अडवता राहतो का? पोटाखालची स्टेपनी आणि तिची साखळी खाऱ्या हवेत गंजून ऐन वेळी अडकली, असे कोणाचे झाले आहे का? काठ्या पीव्हीसी नळीत घालून टपावरच्या कॅरियरला बांधणारे कोणी असतील, तर घाटातल्या वाऱ्यात ती नळी किती हलते आणि बांधायला काय वापरता, हेही सविस्तर लिहावे. गाडीच्या तळाला गंजरोधक लेप दिला असेल, तर तो किती वर्षे टिकला?

दसऱ्याला गाडी घरी आणायची आहे. पुढच्या रविवारी माझ्या काठ्या आणि बर्फाची पेटी घेऊन, आईसह, पुन्हा एकदा गाड्यांच्या दालनात (शोरूममध्ये) जाणार आहे. त्याआधी उत्तरे मिळाली तर तिथे नेमके काय तपासायचे ते ठरवता येईल.