मदत हवी आहे: जादा दिवे अप्परपासून वेगळे जोडायचेत, पण सगळं उलटंच चाललंय (फोंडा घाट, रात्रीचा प्रवास)

पेटीवाला देवगड

नमस्कार मंडळी. गाडीच्या वायरिंगमधल्या जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

गाडी जुनी डिझेल पिकअप, हेडलाइटला साधा एच4 बल्ब (एकाच बल्बात अप्पर आणि डिपर दोन्ही). हंगामात आंब्याच्या पेट्या पोचवायला आणि एरवी दुकानाचा माल आणायला देवगड, नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर हा रस्ता नेहमीचा. पहाटे मार्केटला लागायचं म्हणजे घाट रात्रीच चढावा लागतो. पावसाळ्यात घाटाच्या वरच्या अंगाला आणि दाजीपूरच्या जंगलात धुकं उतरलं की अप्पर देऊन उपयोग नाही, समोर नुसती पांढरी भिंत. आणि दाजीपूर म्हणजे गव्यांचं घर. काळं जनावर, ओलं डांबर, अंगावर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

म्हणून बंपरवर 55 वॉटचे दोन गोल हॅलोजन दिवे बसवून घेतले. तारांचं काम इथल्याच एका वायरमनने केलं. रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घातलाय, बॅटरीवरून वेगळी तार आणलीय, रिलेची चालू करायची तार अप्परच्या तारेला जोडलीय. आता गंमत बघा: डिपरवर हे दिवे लागतात आणि अप्पर दिला की विझतात! त्याचं म्हणणं रिले खराब. नवीन रिले घातला, तरी तेच. समोरून एसटी आली की मी डिपर देतो तर हे दोन्ही भक्कन पेटतात आणि तो बिचारा ड्रायव्हर मला अप्पर-डिपर करत शिव्या घालत जातो.

मला हवंय ते एवढंच की या दिव्यांना स्वतःचं बटण असावं. अप्पर असो, डिपर असो, मला वाटेल तेव्हा लावता यावेत, वाटेल तेव्हा बंद करता यावेत. त्यासाठी बटणाला सप्लाय कुठून घ्यायचा? थेट बॅटरीवरून घेतला आणि दिवे चालू राहिले तर सकाळी गाडी ढकलायची वेळ येईल. शिवाय तार किती जाडीची, फ्यूज किती, आणि आरटीओ किंवा पोलीस हरकत घेतील का, तेही सांगा.

तारतंत्री

रिलेला बोल लावू नका, तो अगदी बरोबर काम करतोय. तुमच्या गाडीत हेडलाइटचा स्विच बहुतेक मायनस बाजूला आहे. बऱ्याच गाड्यांत बल्बला प्लस कायमचा दिलेला असतो (अर्थात हेडलाइट चालू केल्यावर) आणि अप्पर-डिपरचा दांडा त्या त्या फिलामेंटला मायनस देतो. वायरमनने प्लस येणार असं धरून रिलेच्या कॉइलचं (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीचं) एक टोक अप्परच्या पिनला आणि दुसरं बॉडीला मारलं असणार.

मग होतं असं: डिपरवर अप्परच्या पिनला मायनस मिळालेला नसतो, त्यामुळे अप्परच्या फिलामेंटमधून प्लस पलीकडे येतो आणि तिथून कॉइलमधून बॉडीत जातो. कॉइलला जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर लागतात. एवढ्याने फिलामेंट उजळत नाही, पण रिले ओढला जातो. अप्पर दिला की त्याच पिनला मायनस मिळतो, कॉइलच्या दोन्ही टोकांना मायनस, रिले सुटला. म्हणून सगळं उलटं.

अंदाजावर जाऊ नका, मीटर लावा. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला. हेडलाइटचा कपलर बल्बला लावलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने तिन्ही पिनांना एकेक करून लाल प्रोब टेकवा, आधी डिपरवर, मग अप्परवर. आकडे इथे टाका.

नियमावली

वायरिंग तारतंत्री सांगतीलच, ते त्यांचं घर आहे. मी वेगळं विचारतो. दिव्याच्या काचेवर काय छापलंय? वर्तुळात ई आणि एक आकडा, आणि त्याच्या आसपास अक्षरं असतील. ‘बी’ किंवा ‘एफ3’ असेल तर तो फॉग लाइट. ‘एचआर’ असेल तर तो लांब झोताचा, म्हणजे अप्परचाच भाऊ. काहीच छापलेलं नसेल तर तो दिवा कशासाठी बनवलाय हे बनवणाऱ्यालाच माहीत.

हे आधी ठरल्याशिवाय ‘स्वतंत्र बटण’ याला अर्थ नाही. फॉग लाइट अप्परपासून स्वतंत्र असणं योग्यच, तो बनलाय त्यासाठीच. लांब झोताचा दिवा मात्र अप्परबरोबर लागावा आणि डिपर देताच विझावा. तो स्वतंत्र केलात तर समोरच्याला डिपर दिल्याचा काय उपयोग? तुमच्या एसटीवाल्याचा राग तिथूनच आलाय.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 106 प्रमाणे पुढचा झोत कायम खाली झुकलेला हवा, 8 मीटरवर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा नको. नियम 111 स्पॉटलाइट, सर्चलाइट पुढे लावायलाच मनाई करतो, अपवाद म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याची आधी मिळालेली मंजुरी. रात्री नाक्यावर अडवलं तर ‘गवे येतात हो साहेब’ हे उत्तर कितपत चालेल ते तुम्हीच ठरवा.

खाडीकाठ

मालवणात रवतंय म्हणान सांगतंय, खारो वारो इसरा नकात! तुमचो तो बॉडीक मारलेलो अर्थ (अर्थिंगची तार) आधी बघा.

आता सगळ्यांसाठी सांगतो. किनाऱ्यावर जादा दिव्यांचं पहिलं दुखणं म्हणजे अर्थ. बंपरच्या रंगावरच स्क्रू आवळून दिलेला अर्थ एक पावसाळा काढतो, दुसऱ्यात आतून हिरवा पडतो. दिवे मंद होतात, लुकलुकतात आणि आपण बल्ब बदलत बसतो. दोन्ही दिव्यांचे मायनस बंपरवर न सोडता वेगळ्या तारेने बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिनच्या मूळ अर्थ पॉइंटला आणा. कल्हई असलेली तार आणि टोकाला तशीच लग (स्क्रूखाली बसणारी कडी) मिळाली तर उत्तम. जोडावर गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, नुसती काळी टेप कोकणातल्या उन्हाने चिकट होऊन सुटते. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. आणि तार उघडी सोडू नका, कंगोरे असलेल्या प्लास्टिकच्या पाइपमधून न्या. उंदरांना इंजिनची ऊब आणि तारेचं आवरण दोन्ही फार आवडतं.

पेटीवाला देवगड

सगळ्यांचे आभार. मीटर लावला. इंजिन बंद असताना, डिपरवर: एक पिन 12.1 व्होल्ट, दुसरी 12.1, तिसरी 0.1. अप्पर दिला: पहिली तशीच, बाकी दोघींची अदलाबदल. म्हणजे तारतंत्री म्हणतात तेच.

नियमावली, काचेवर ‘एचआर’ आहे. दुकानदाराने फॉग म्हणून दिले होते! पण माझा मुद्दा जरा समजून घ्या. घाटात वळणावर अप्परचा झोत सरळ दरीवरून जातो, मला हवा असतो रस्त्याचा कडेचा भाग. गडगा कुठे संपतो, साइडपट्टी कुठे खचलीय, कडेला जनावर उभं आहे का. रस्त्यावर समोरून कोणी नसताना हे दिवे डिपरबरोबर लावले तर कोणाचं काय बिघडतं?

बिनधास्त भाऊ

एवढा विचार कशाला करताय? बॅटरीवरून तार, मध्ये बटण, बटणातून दिवे. माझ्या गाडीत असंच आहे, काही होत नाही. रिले वगैरे उगाच खर्च.

तारतंत्री

बिनधास्त भाऊ, दोन दिवे मिळून 110 वॉट म्हणजे सव्वानऊ अँपिअर, इंजिन चालू असताना व्होल्टेज वाढल्यावर त्याहून थोडे जास्त. ते सगळे तुमच्या डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून जाताहेत. घाट चढून झाल्यावर बटणाला हात लावून बघा, गरम लागेल. वर बॅटरीपाशी फ्यूज नसेल तर ती तार बॉनेटखाली कुठेही घासली की पेटायला मोकळी. रिले दिव्यांपेक्षा स्वस्त असतो.

पेटीवाले दादा, आता तुमचं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या 30 ला (30, 85, 86, 87 हे पिनांचे आकडे, रिलेवरच छापलेले असतात). 87 वरून दोन्ही दिव्यांना. पाच पिनांचा रिले असेल तर मधली 87ए मोकळी सोडा, वर टेप गुंडाळा. हे तुमच्याकडे बहुतेक आहेच, फक्त तारेची जाडी तपासा. घरातल्या पंख्याची तार घातली असेल तर काढा.

खरा बदल कॉइलच्या बाजूला. 86 ला प्लस द्या, पण तो हेडलाइटच्या त्या पिनवरून जिथे दोन्ही वेळा 12.1 आलं. मध्ये एक छोटा फ्यूज, 2 किंवा 3 अँपिअरचा. रिलेवर डायोडची (करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागाची) खूण असेल तर 86 ला प्लसच यायला हवा, उलटं केलंत तर डायोड जाईल. 85 वरून निघालेली तार आत केबिनमध्ये न्या आणि मध्ये बंद असलेल्या तीन स्थितींच्या बटणाच्या मधल्या टोकाला लावा. बटणाचं एक टोक अप्परच्या पिनला, दुसरं बॉडीला. बटण एका बाजूला केलं की दिवे अप्परबरोबर लागतील आणि विझतील. दुसऱ्या बाजूला केलं की हेडलाइट चालू असेपर्यंत लागलेले राहतील, अप्पर असो वा डिपर. मध्ये ठेवलं की बंद. हेडलाइट बंद केले की कॉइलचा प्लसच जातो, त्यामुळे विसरून बॅटरी उतरण्याचा प्रश्न येत नाही.

पुष्कळ जण 86 ला पार्किंग लाइटचा प्लस देतात. तुमच्या गाडीत ते करू नका. हेडलाइट बंद, पार्किंग चालू आणि बटण अप्परच्या बाजूला असलं की कॉइलमधून निघालेला करंट अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, डिपरच्या फिलामेंटमधून बाहेर पडून दांड्याच्या मायनसला जातो आणि नुसत्या पार्किंगवर दिवे पेटतात. मग परत रिले खराब म्हणून नवीन आणाल.

पेटीवाला देवगड

आता डोक्यात शिरलं. म्हणजे आधीच्या जोडणीत अप्परची पिन सोडली तर बाकी माल तोच वापरता येईल. पण मग दुसरी बाजू, बॉडीची, ती या एचआर दिव्यांना लावू की नको?

नियमावली

नको. समोर कोणी नसताना कोणाचं बिघडत नाही हे खरं, पण समोर कोणी नसेल तर अप्परच द्या ना! स्वतंत्र बटण लागतं ते नेमकं धुक्यात, आणि धुक्यात एचआर लावलात तर अप्परसारखाच पांढरा पडदा दिसेल. तो झोत अरुंद आणि लांब असतो, थेंबांवरून उलटा डोळ्यात येतो. तुम्हाला कडा बघायच्या आहेत, त्यासाठी झोत आडवा पसरणारा आणि वरून कापलेला हवा. म्हणजे फॉगच.

आणि समोर कोणी नाही हे वळणावर कळतं का? हंगामात जत्रेतून, दशावतार बघून रात्री परतणारी माणसं तिकडे खालच्या रस्त्यांना चालत असतात. त्यांच्याकडे ना दिवा ना डिपर.

तारतंत्री

नियमावलींशी सहमत. एचआर अप्परलाच ठेवा, म्हणजे साधं चालू-बंद बटण पुरेल, 85 आणि अप्परच्या पिनच्या मध्ये. जंगलातल्या सरळ पट्ट्यात गवा लांबून दिसायला ते कामाचेच आहेत. स्वतंत्र हवेत ते बंपरच्या खालच्या कडेला दोन फॉग घ्या, त्यांना दुसरा रिले, दुसरा फ्यूज, 86 त्याच हेडलाइटच्या प्लसवरून आणि 85 दुसऱ्या बटणातून बॉडीला. फॉगही 55 वॉटचेच घेतले आणि ते एचआरबरोबर एकदम लावले तर 220 वॉट जादा होतात, जुना अल्टरनेटर घाटात आयडलला ते झेपवेल का हे बॅटरीवर मीटर लावून बघा. 13 व्होल्टच्या खाली गेलं तर एकाच वेळी लावू नका.

पिवळे घ्यायचे की पांढरे हा वाद इथे सुरू करू नका, प्लीज. झोताचा आकार आणि उंची बरोबर असेल तर दोन्ही चालतात.

खाडीकाठ

एक राहिलं. दिवे सेट करताना गाडी रिकामी ठेवू नका. पिकअपमध्ये पेट्या भरल्या की मागचं बूड बसतं आणि नाक वर होतं, गॅरेजमध्ये खाली दिसणारा झोत घाटात समोरच्याच्या काचेत जातो. माल भरून सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा. भिंतीवर फॉगच्या मध्याची उंची खडूने मारा, झोताची वरची कड त्या रेघेच्या 15 ते 20 सेंटीमीटर खाली हवी. रिकाम्या गाडीत ती आणखी खाली जाईल, जाऊ दे.

पेटीवाला देवगड

पटलं. एचआर अप्परला बांधतो, फॉग वेगळे घेतो. काचेवरची अक्षरं वाचल्याशिवाय या वेळी पैसे देणार नाही. केबिनमध्ये तार न्यायला फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवीन भोक पाडू की स्टिअरिंगखालच्या जुन्या रबरातूनच जाईल?

तारतंत्री

जुन्या रबरातूनच. बारीक स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून तार ओढा आणि इंजिनच्या बाजूला तारेला खाली झोळ ठेवून मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून केबिनमध्ये न येता झोळातून खाली ठिबकेल. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायला विसरू नका.