विषय: आईला भुलीची भीती वाटतेय

प्रेषक: मालवणची लेक (सध्या गावी)

नमस्कार मंडळी,

चतुर्थीच्या तयारीच्या मेलांना माझं उत्तर नाही म्हणून सेक्रेटरींनी दोनदा विचारलं. मी गावी आलेय, आचऱ्याच्या अलीकडे. आईच्या पित्ताशयात खडे झालेत आणि पुढच्या गुरुवारी कुडाळला दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. वय अडुसष्ट. बीपीची एक गोळी सोडली तर ठणठणीत, अजून विहिरीचं पाणी शेंदते.

तिला सुरीची भीती नाही. "कापूचा ता कापूंदेत, पण माका भूल नको," हे एकच पालुपद. रात्री दोन-तीनदा उठून बसते. परवा देवळात रवळनाथाला कौल लावला. उजवा पडला. मला वाटलं, सुटलो. तर म्हणते, कौल ऑपरेशनाचा होता, भुलीचा खंय इचारलंव?

मी दहा वेळा "काही होत नाही गं" म्हटलं. ती म्हणाली, "तुका काय म्हायत?" आणि खरंच, मला काय माहीत? मी कधी पूर्ण भूल घेतलेलीच नाही. तुमच्यापैकी कोणी घेतली असेल तर सांगा, आदल्या रात्री काय केलंत?

---

प्रेषक: दापोलीकर

ताई, मी घेतलीय. गेल्या वर्षी, हर्नियासाठी.

आदल्या रात्री काय करू नये ते आधी सांगतो. मी तीन वाजेपर्यंत फोनवर वाचत बसलो होतो. जगात भुलीखाली जे जे बिघडलं असेल ते सगळं मला त्या रात्री सापडलं. ज्यांचं नीट झालं ते लोक लिहायला बसत नाहीत, ते घरी जाऊन वरणभात जेवतात, हे मला सकाळी सुचलं.

उपयोग झाला तो एका कागदाचा. बायकोने जबरदस्तीने लिहायला लावला. मला नेमकं कशाचं भय वाटतंय? चार ओळी झाल्या. जाग आलीच नाही तर. मध्येच जाग आली तर. उलटी झाली तर. चौथी लिहायला लाज वाटत होती : आत सगळ्यांसमोर कपडे काढतात का? भूल देणाऱ्या बाईंनी कागद घेतला आणि हसल्या नाहीत. चौथ्यापासून सुरुवात केली. गाऊन असतो, वर चादर असते, लागेल तेवढाच भाग उघडा करतात. बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं मी मग जरा मोकळ्या छातीने ऐकली.

प्रत्यक्षात काय आठवतं? मास्कचा प्लास्टिकचा वास. हाताच्या शिरेत मिरची लागल्यासारखं चरचरलं. मी "चरचरतंय" म्हणायला तोंड उघडलं आणि कोणीतरी मला हाका मारत होतं. मी विचारलं, सुरू कधी करणार? सगळं होऊन तास झाला होता.

---

प्रेषक: गुहागरची माहेरवाशीण

अगं, पूर्ण भूल घेऊच देऊ नकोस. हल्ली कमरेत इंजेक्शन देऊन सगळं करतात. माझ्या जाऊबाईंना पूर्ण भूल दिली होती, त्यानंतर आठवडाभर त्या नातवाला मुलाच्या नावाने हाक मारत होत्या. या वयात मेंदूवर परिणाम होतोच. डॉक्टर सांगत नाहीत.

---

प्रेषक: सेक्रेटरी

सर्वांना विनंती : मोदकांची संख्या याच धाग्यात कळवू नका, वेगळा मेल करा. आतापर्यंत तिघांनी इथे कळवली, त्यातल्या एकाने फक्त "आमचे सोळा" एवढंच लिहिलंय. सोळा माणसं की सोळा मोदक?

ताई, आईंना नमस्कार सांगा.

---

प्रेषक: डॉक्टरकाका

बाळ, मुंबईत शिकलो आणि बत्तीस वर्षं भूल दिली. आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळ भरपूर. लांबलं तर सेक्रेटरींनी माफ करावं.

मी वेंगुर्ल्याकडचा. तुझ्या आईला हा शब्द का टोचतो ते मला कळतं. आपल्याकडे भूल पडते ती रानात. माणूस रोजच्या पाणंदीत वाट चुकतो आणि पहाटेपर्यंत त्याच जागी फिरत राहतो. तोच शब्द आम्ही हॉस्पिटलात वापरतो आणि वर सांगतो, घाबरू नका. शिवाय तिच्या लहानपणी कोणीतरी क्लोरोफॉर्म हुंगवल्याच्या गोष्टी सांगितल्या असणार. ते औषध १८४७ साली वापरात आलं आणि केव्हाच मागे पडलं, पण ओसरीवरच्या गप्पांत ते अजून जिवंत आहे.

आता तिला हे सांग. सुई टोचून भूलतज्ज्ञ चहा प्यायला जातो असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. कापणारा डॉक्टर पोटाकडे बघत असतो, आणि एक माणूस सबंध वेळ फक्त तिच्याकडे बघत उशाशी बसलेला असतो. बोटाला चिमटा लावतात, त्यावरून रक्तातला प्राणवायू कळतो. छातीवरच्या चकत्यांवरून हृदयाचे ठोके, दंडावरच्या पट्ट्याने दर काही मिनिटांनी बीपी. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर रेघ काढतो. औषध जितका वेळ चालू तितका वेळ भूल. थांबवलं की उतरते. एकदाच पाजून वाट बघायची, असा तो प्रकार नाही.

औषध पांढरं असतं, आपल्या नारळाच्या रसासारखं, आणि कारणही तेच : तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळलेले. दापोलीकरांचा हात त्यानेच चरचरला. अर्ध्या-एक मिनिटात काम होतं.

मध्येच जाग येण्याबद्दल. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० भुलींमागे एक निघाली. पण तुला अर्धीच गोष्ट सांगणार नाही. स्नायू सैल करणारं औषध जिथे दिलं होतं तिथे हे प्रमाण सुमारे ८,००० मागे एक होतं, आणि तुझ्या आईच्या ऑपरेशनला बहुधा ते औषध लागेल. तरीही ती शक्यता फार लहान आहे.

गुहागरच्या ताई, कमरेतलं इंजेक्शन चांगलंच, पण सगळीकडे नव्हे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट वायूने फुगवतात. जागेपणी तो ताण सोसणं कठीण, म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण भूलच देतात. त्या वायूमुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोट कापलं आणि खांदा का दुखतोय म्हणून लोक हादरतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. तुमच्या जाऊबाईंचं मात्र खोटं म्हणणार नाही. वयस्कर माणसं काही दिवस गोंधळू शकतात. बहुतेकांचं ते ओसरतं. जाग आल्याबरोबर चष्मा, कानाचं मशीन आणि ओळखीचा चेहरा मिळाला की फरक पडतो.

आता जे विसरतं ते. पेज! आपल्या बायकांच्या लेखी पेज म्हणजे पाणीच. भूलतज्ज्ञाच्या लेखी ते जेवण. साध्या खाण्यानंतर साधारण सहा तास, तळलेलं किंवा मटण-मासे असतील तर आठ, आणि साधं पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत. दूध घातलेला चहा पाण्यात धरायचा नाही. भुलीत घशाची राखण थांबते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा हट्ट. कुडाळचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐकायचं, माझं नाही.

फोंडा घाटात गाडी लागते का, ते सांगा. ज्यांना गाडी लागते त्यांना भुलीनंतर उलटीचा त्रास जास्त, आणि त्याचं औषध आधीच देता येतं. हलणारा दात, कवळी, काढा, पावडरी, सगळं सांगा. आणि एक प्रश्न तू एकट्यात विचार, बाबा समोर नसताना : मिश्री लावते का? तंबाखूच ती. अचानक बंद केली की माणूस चिडतो, झोप उडते, छाती धडधडते, आणि घरचे म्हणतात ऑपरेशनची भीती.

---

प्रेषक: मालवणची लेक

डॉक्टरकाका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : हो. जास्त लिहीत नाही, आमच्या वाडीतले दोघेजण या लिस्टवर आहेत.

पण ते विचारायला गेले आणि भलतंच बाहेर आलं. आई पाटल्यावर नारळ खवत होती. मी म्हटलं, कोणाला सांगणार नाही. बराच वेळ ती खवतच राहिली. मग म्हणाली, "तेचीच भीती गो. भुलीत मी काय बडबडलंय तर?" कोणीतरी तिला सांगितलंय की भूल चढली की माणूस मनातलं सगळं बरळतो. बाहेर बाबा, माझा भाऊ, वहिनी उभे असणार. सोडली म्हणून तिने बाबांना वचन दिलं होतं, मी शाळेत असताना.

मी इतके दिवस तिला "जाग येईल" असं समजावत होते, आणि तिला जाग येण्याची काळजीच नव्हती.

दुसरी गोष्ट. आज दुपारपासून पाऊस धरलाय आणि लाईट तीनदा गेली. आता तिचं नवं : मशीन विजेवर, आणि लाईट गेली मगे? याचं काय उत्तर देऊ?

---

प्रेषक: डॉक्टरकाका

बडबडण्याचं आधी. अशा ऑपरेशनला पूर्ण भुलीत बहुतेक वेळा श्वासनलिकेत नळी घालतात. ती स्वरतंतूंच्या मधून जाते. आवाज जिथे तयार होतो तिथेच नळी, तर बोलणार कुठून? नळी काढल्यावर गुंगीत लोक पुटपुटतात, पण ते 'पाणी द्या', 'थंडी वाजते' अशातलंच. बत्तीस वर्षांत मला एकही भानगड कळली नाही, याची खंत आहे. घसा दिवसभर खवखवेल, तोही त्या नळीचाच.

पण कुडाळच्या भूलतज्ज्ञाला मिश्रीचं सांगायलाच हवं. बाबांना बाहेर बसवून सांगा. असं कानात सांगितलेलं आम्ही रोज ऐकतो.

लाईटचं : हॉस्पिटलला जनरेटर असतो. तो सुरू होईपर्यंत भुलीचं मशीन स्वतःच्या बॅटरीवर चालतं. तेही बंद पडलं तर उशाशी रबराची पिशवी असते, ती हाताने दाबून श्वास देता येतो. त्याला वीज लागत नाही, एक माणूस लागतो, आणि तो तिथे बसलेलाच असतो. मनाचं समाधान व्हावं म्हणून जनरेटरबद्दल विचारून घे, रागावत नाहीत.

---

प्रेषक: दापोलीकर

काका, हे तुम्ही मला गेल्या वर्षी का नाही सांगितलंत!

---

प्रेषक: मालवणची लेक

झालं. काल. आई घरी यायला अजून एक दिवस आहे.

बुधवारी संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई भेटायला आल्या. बाबांना मी औषधांच्या दुकानात पाठवलं. आईने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, किती वेळा लावता विचारलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मग झोपेची हलकी गोळी लिहून दिली. आई त्या रात्री उठून बसली नाही. गोळीमुळे की सांगून टाकल्यामुळे, देव जाणे.

सकाळी मंगळसूत्र आणि बांगड्या काढायच्या म्हटल्यावर जरा रडली. बांगड्या साबणाने निघाल्या, हिरव्या दोन फुटल्या. याची तयारी मी केलीच नव्हती. पुढे कोणावर वेळ आली तर हे काम घरीच, आदल्या दिवशी निवांत उरकून घ्या.

आतलं तिने सांगितलेलं : बाई म्हणाल्या, आकडे मोजा. आई म्हणाली, आकडे कशाक, माका गाऱ्हाणा घालूक होया. आणि मास्कच्या आतून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..." तिथले मावशी, वॉर्डबॉय सगळे आपल्याच भागातले. "व्हय म्हाराजा," म्हणाले. दुसऱ्या 'व्हय म्हाराजा'पर्यंत तिला आठवतंय.

बाहेर माझं काय झालं ते विचारू नका. मध्येच पॅसेजमधला पंखा थांबला. मला जनरेटर, बॅटरी, पिशवी सगळं पाठ होतं, तरी मी आकडे मोजायला लागले. सातला पंखा फिरला. बाबा म्हणाले, "बस गो, तुकाच भूल दिवची लागात."

शुद्धीवर आल्यावर चष्मा लावला, हात धरला. मला बघून विचारते, "दिवो लावलंस काय गो?" दुपारचे साडेबारा. संध्याकाळपर्यंत नीट बोलायला लागली. खांदा दुखतोय, पण ती सगळ्यांना सांगतेय, तो वायूचा, तुमका म्हायत नाय.

डॉक्टरकाका, तिने एक निरोप सांगितलाय. इतकी चांगली झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. त्या पांढऱ्या औषधाचं नाव लिहून पाठवाल का, मालवणच्या दुकानात मिळेल का?

---

प्रेषक: डॉक्टरकाका

नाही मिळणार. आणि सांग, ती झोप नव्हेच.

सेक्रेटरी, आमचे दोघांचे मिळून अकरा मोदक धरा. चुकीच्या धाग्यात लिहितोय, ठाऊक आहे.