घरची मंडळी : बाउरलच्या ट्यूलिपचा बेत

१६ ऑगस्ट, रविवार

मुक्ता: आई, बाबा, विमानाची तिकिटं मेलवर आली ना? ५ सप्टेंबरला सकाळी सिडनीत उतरताय. १४ ला गणपती. ते आटपलं की एक दिवस बाउरलला ट्यूलिप बघायला जायचं. तारीख आत्ताच ठरवू, नाहीतर निखिलची शिफ्ट लागते.

आई: बाउरल कुठं आलं

मुक्ता: सिडनीच्या नैर्ऋत्येला, आमच्याकडून गाडीनं दीड तास. उंचीला लोणावळ्यापेक्षा जरा वर, म्हणून थंड. छोटं गाव आहे. गावातल्या कॉर्बेट गार्डन्स नावाच्या बागेत दर सप्टेंबरात ट्यूलिपचा उत्सव असतो. आमच्याकडे तेव्हा वसंत.

मंदारदादा: बाबांच्या सुप्रभातच्या चित्रात रोज ट्यूलिपच असतात. प्रत्यक्ष बघायला एवढ्या लांब जायची काय गरज.

बाबा: आजच्या चित्रात जरबेरा होता.

शुभामावशी: मुक्ता अगं ट्यूलिपच बघायचेत तर कॅनबेराला या ना माझ्याकडं. फ्लोरिएड असतं, महिनाभर चालतं, तळ्याकाठी दहा लाखांवर फुलं. दिवसा फुकट. १९८८ पासून चालू आहे. तुमच्या बाउरलला किती?

मुक्ता: पाऊण लाख.

शुभामावशी: बघ.

मुक्ता: मावशी, कॅनबेरा आमच्यापासून २८० किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणं बाबांच्या पाठीला झेपणार नाही, आणि आई मोटेलमध्ये राहणार नाही.

शुभामावशी: मोटेल कशाला, मी मेले का

आई: शुभा, असं बोलू नये.

मुक्ता: उलट बाउरल आपल्या दोघींच्या मधेच आहे. तूच ये तिकडं.

शुभामावशी: बघते. समीरला विचारते गाडी कधी मोकळी आहे.

मुक्ता: आई, एक सांगून ठेवते. बाग आटोपशीर आहे. सिनेमात दाखवतात तशी क्षितिजापर्यंत शेतं नाहीत. आपल्या आमराईपेक्षा लहानच. गावातली नगरपालिकेची बाग समज, फक्त वाफे असे भरलेत की माती दिसत नाही.

आई: मग बरंय. काश्मीरला टूरबरोबर गेलो तेव्हा चालून चालून गुडघे गेले होते, आणि तो माणूस शिट्टी मारून बोलवायचा.

१८ ऑगस्ट, मंगळवार

निखिल: तारखेबद्दल. तीन पर्याय दिसतात. शनिवार १९, शनिवार २६ सप्टेंबर, किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी धरून ३-४-५.

मुक्ता: ३-४-५ ला अख्खं सिडनी तिथं असणार. शाळांनाही सुट्टी. शिवाय तोवर लवकर फुललेले गळतात. एक गरम वाऱ्याचा दिवस आला की पाकळ्या संपल्या.

निखिल: आणि रविवारी ४ तारखेला पहाटे घड्याळ एक तास पुढं जातं. सात म्हणून उठलो तर शरीराला सहाच. मागच्या वर्षी त्या दिवशी मी आर्याला पोहायच्या क्लासला नेलं आणि दाराला कुलूप.

मुक्ता: ते तू घड्याळ उलटं फिरवलंस म्हणून.

आई: २७ पासून पितृपक्ष आहे. त्यात सहल नको.

मंदारदादा: आई, ऑस्ट्रेलियात पितृपक्ष वसंतात येतो. पितरांनाही ट्यूलिप आवडतील.

आई: मंदार, चेष्टा नको. अण्णांचं करायचं असतं. तुला तिथी आठवते का? नाही ना.

मुक्ता: १९ ला आमचे गणपती घरीच आहेत, सातवा दिवस म्हणजे २०, विसर्जन त्या दिवशी. म्हणजे १९ बाद. २५ ला अनंत चतुर्दशी. २६ ला पौर्णिमा. आई, २६ चालेल?

आई: पौर्णिमा चांगली.

मुक्ता: कौन्सिलच्या पानावर उत्सवाच्या तारखा बघितल्या, २६ त्यात बसतोय. ठरलं.

शुभामावशी: २६ ला गाडी मिळते. मी येते. ताई, तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घालून ठेवलंय.

आई: मी पण आणणारच होते.

मुक्ता: आई, विमानात देतात त्या कार्डावर खाण्याचं जे जे असेल त्याला ‘हो’ अशी खूण करायची. लोणचं, चटण्या, मेतकूट सगळं दाखवायचं. दाखवलं तर फार तर ठेवून घेतील, लपवलं तर दंड. पेढे, बर्फी, दुधाचं काहीच नको. आणि दूर्वा, पत्री, जास्वंद अजिबात नाही!

आई: दूर्वांशिवाय गणपती?

मुक्ता: इथं शेजारच्या पंजाबी काकूंच्या अंगणात हरळी आहे. तीन पात्यांची जुडी मी काढते.

२३ ऑगस्ट, रविवार

बाबा: मी ऐकत होतो. बाउरल हे नाव कुठं वाचलंय ते आठवत नव्हतं. आत्ता आठवलं. ब्रॅडमनचं गाव!

मुक्ता: अहो बाबा, हो की! तिथं म्युझियमपण आहे.

बाबा: जन्म कूटामुंड्राचा, २७ ऑगस्ट १९०८. पण तो अडीच-तीन वर्षांचा असताना घर बाउरलला आलं. घरामागं पाण्याच्या टाकीचा विटांचा चौथरा होता. त्यावर गोल्फचा चेंडू मारायचा आणि उलटून आला की बॅटनं नाही, स्टंपनं टोलवायचा. स्टंप किती रुंद? आपल्या दोन बोटांएवढा. चेंडू कुठल्या कोनात येईल भरवसा नाही. एकटं पोर, दुसरं कोणी खेळायला नाही, म्हणून हा खेळ. पुढं कसोटीत सरासरी ९९.९४. सतराव्या वर्षी बाउरलकडून विंजेलो गावाविरुद्ध २३४ काढल्या, आणि समोर गोलंदाज कोण, तर पुढं मोठा झालेला बिल ओ'रायली. सामना पुढच्या शनिवारी पुढं सुरू झाला आणि ओ'रायलीनं पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. खेड्यातली मॅच बघा. आता सांगलीकरांसाठी. १९४७-४८ ला आपला संघ तिकडं गेला. जानेवारी ४८, ॲडलेड. ब्रॅडमननं २०१ काढल्या. आणि आपल्या विजय हजाऱ्यांनी, जन्म सांगलीचा, दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५. त्याच सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३. हरलो डावानं, पण तीन शतकं आपली. मला बाउरलच्या मैदानात बसायचंय. फुलं तुम्ही बघा.

मंदारदादा: ट्यूलिपच्या सहलीत बाबांचा डाव जाहीर.

आई: म्हणजे अर्धा दिवस म्युझियममध्ये. मला माहितीय. लॉर्ड्सला मी बाकावर बसून चार तास काढलेत.

बाबा: दोन तास पुरेत.

आई: लिहून ठेवते.

निखिल: आता वेळ. मी म्हणतो सहाला निघू, साडेसातला पोचू. गर्दीच्या आधी फोटो, पार्किंग मोकळं.

मुक्ता: आणि मिटलेले ट्यूलिप बघू? सकाळी थंडीत पाकळ्या मिटलेल्या असतात. ऊन पडलं, हवा जरा तापली की उघडतात, संध्याकाळी परत मिटतात. ढगाळ असलं तर दिवसभर अंग चोरून. साडेदहा-अकराला खरी मजा.

निखिल: तेव्हा खरी गर्दीही.

मुक्ता: मग तसं करू. साडेआठला पोचायचं, गाडी लावायची, बाँग बाँग स्ट्रीटवर कॉफी आणि घरचा नाश्ता, साडेदहाला बाग. स्टेशनापासून बाग दहाएक मिनिटं चालत.

आर्या (मुक्ताच्या फोनवरून): बाँग बाँग म्हणजे काय

निखिल: रस्त्याचं नाव. हसू नको.

बाबा: स्टेशन आहे म्हणता? मग रेल्वेनं का नाही?

निखिल: जाता येतं बाबा. आपल्याकडून कॅम्बेलटाउनला जायचं, तिथं गाडी बदलायची, पुढं छोटी डिझेलची गाडी. शनिवार-रविवारी फार कमी गाड्या. आणि शनिवार-रविवारीच रुळांची कामं काढतात, मग गाडीऐवजी बस. एकदा आम्ही बसनं गेलो, आर्या तीन वेळा ओकली.

बाबा: डिझेलची छोटी गाडी म्हणजे मिरज-कुर्डुवाडी नॅरोगेजची आठवण. पंढरपूरला वारीला टपावर बसून गेलोय.

आई: मी पण होते. हे मला विसरतात.

मुक्ता: आई, तू टपावर?

आई: डब्यात. पण होते.

निखिल: गाडीनंच जाऊ. पाच जण बरोबर बसतो. बाबांच्या पाठीला उशी.

३० ऑगस्ट, रविवार

मुक्ता: कपडे. सांगलीत आता कितीही घाम येत असला तरी स्वेटर, मोजे, कानटोपी घ्या. तिथं सप्टेंबरअखेर सकाळी पाच-सहा अंश असतं. दुपारी सोळा-सतरा. एवढी थंडी आहे म्हणून तर ट्यूलिप येतात. कंदाला जमिनीत बारा-तेरा आठवडे गारवा लागतो, त्याशिवाय आतला दांडा वाढतच नाही. आमच्या इथं तेवढी थंडी नाही, म्हणून मी दर वर्षी मार्चमध्ये कंद आणून फ्रिजमध्ये ठेवते आणि मेमध्ये कुंडीत लावते.

मंदारदादा: फ्रिज!!! आई, ऐकतेयस?

आई: मी काही बोलत नाही.

शुभामावशी: काय झालं होतं? मला कोणी सांगितलंच नाही.

मुक्ता: मागच्या वेळी आई मार्चमध्ये आली होती. भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत बारा कंद. मी ऑफिसात. सफरचंदं मुद्दाम बाहेर काढून ठेवली होती, कारण फळांतून वायू निघतो, त्यानं कंदातली कळी मरते. आईला वाटलं, सफरचंदं बाहेर नासतील. तिनं ती परत आत ठेवली. आणि पिशवीतले कांदे पोह्याला घेतले.

शुभामावशी: अगं बाई!

आई: तपकिरी साल, तोच आकार. कोणीही फसेल. सहा चिरले, तरी डोळ्यांत पाणी येईना. म्हटलं, परदेशी कांदा दिसतोय. वासही नाही. तेव्हा संशय आला आणि मी ह्यांना विचारलं.

बाबा: मी म्हटलं, चव बघ.

मुक्ता: बाबा! ते पोटाला बाधतात!

मंदारदादा: तसे हॉलंडमध्ये लोकांनी खाल्लेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्न संपलं तेव्हा. मधला कोंब काढून टाकून उकडायचे.

आई: बघ. मी अगदीच चूक नव्हते.

मुक्ता: आई, तिथं युद्ध चालू होतं. इथं खाली दुकानात दोन डॉलरला किलोभर कांदे होते.

शुभामावशी: मग पोहे कशाचे केले?

आई: बटाट्याचे.

बाबा: छान झाले होते.

मुक्ता: उरलेल्या सहांपैकी सफरचंदांच्या संगतीनं एकालाही फूल आलं नाही. नुसती पानं. यंदा डब्यावर मराठीत लिहिलं होतं, ‘कांदा नाही’.

मंदारदादा: बाउरलहून चार कंद सांगलीला आणा. गच्चीवर लावू.

मुक्ता: दादा, परवाना लागतो, रोपांच्या तपासणीचा दाखला लागतो. आणि एवढं करून मेमध्ये गच्चीवर ते आपोआप उकडतील. मग आईला सोपं.

६ सप्टेंबर, रविवार

मुक्ता: पोचले दोघं. लोणचं पास झालं. मेतकूट पास झालं. अधिकाऱ्यानं वास घेऊन विचारलं हे काय, बाबा म्हणाले, ‘राईस इम्प्रूव्हर’.

शुभामावशी: आता २६ चं जेवण ठरवा. मी पुरणपोळ्या आणू का?

मुक्ता: मैदानाशेजारच्या हिरवळीवर बसायचंय, पुरणपोळीला तूप गरम कुठं करणार. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, लोणचं.

आई: दोन्ही लोणची आणा. बघूच.

निखिल: परतीचं एक सुचवतो. बाउरलहून पूर्वेला पंचवीस किलोमीटरवर रॉबर्टसन. तिथं रस्त्याकडेला सिमेंटचा प्रचंड बटाटा बांधून ठेवलाय.

आई: बटाटा? कशाला?

निखिल: बटाट्याचा भाग आहे म्हणून. पुढं घाट उतरून वुलनगाँगला जायचं, आणि वाटेत हेलेन्सबर्गचं वेंकटेश्वराचं देऊळ. शनिवारी तिथल्या कँटीनमध्ये डोसे असतात.

आई: देऊळ आधी का नाही सांगितलंस! पौर्णिमेला दर्शन.

मुक्ता: निखिल, तो मॅक्वारी पासचा घाट उतारावर फार वळणाचा आहे. मागे आर्या.

निखिल: आर्याला पुढं बसवू.

मुक्ता: ती आठ वर्षांची आहे. मागेच. गोळी देऊ. आणि बाबांनी दोनाला म्युझियममधून बाहेर यायचं, नाहीतर देवळाचं दार बंद होईल. घाट उजेडात उतरायचाय.

बाबा: सव्वादोन.

आई: दोन.

शुभामावशी: मी तिथूनच परत फिरेन, मला कॅनबेरा गाठायचंय. पण ताई, पुढच्या वर्षी फ्लोरिएड. दहा लाख.

आई: शुभा, मला पाऊण लाखच पुरतील. तुझ्याकडं यायचं ते तुला भेटायला.

९ सप्टेंबर, बुधवार

आई: मुक्ता, ऑफिसात आहेस का

मुक्ता: हो. बोल ना.

आई: बाल्कनीतल्या कुंड्यांत कांद्याची पात छान आलीय. रुंद आहे जरा, पण कोवळी. दुपारी पीठ पेरून भाजी करते.

मुक्ता: आई!!! हात लावू नकोस!! ते ट्यूलिप आहेत! बाबा, आईला थांबवा!

मुक्ता: बाबा?

मुक्ता: कोणीतरी फोन उचला!

बाबा: ती हसतेय. मघाशी माझ्याकडून चष्मा मागून घेतला आणि बघितलं. मधल्या कुंडीत एक कळी आहे, हिरवीच आहे अजून. तिला पाणी घातलं.