हवेतला नॉब धरताना हाताला काहीच लागत नाही, काय करू?

मी ओव्हनचं नवं पॅनेल डिझाइन करते आहे. पक्का नमुना बनवण्याआधी ते ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत, म्हणजे समोरच्या खऱ्या जगावर चित्र चढवून, हेडसेट लावून लोकांना दाखवतो. नॉब दिसतो अगदी खरा: कडेच्या बारीक रेघा, त्यावरची चमक, खाली पडलेली सावली. पण चिमटीत धरायला गेलं की बोटं आरपार जातात. परवा एका आजींनी हात चटकन मागे घेतला आणि विचारलं, "अगं, धरू कुठे?" तो प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. मनगटाच्या पट्ट्यातून कंपन देते, नॉब फिरवताना लागायला हव्या त्या प्रत्येक खाचेला आवाजही आहे, तरी लोक म्हणतात, "काहीतरी गुरगुरतंय." स्पर्शाचा भास देणारे हातमोजे मला नको आहेत, त्यांत माणूस अवघडतो.

उत्तर 1
पट्ट्यात वजन गरगर फिरवणारी साधी मोटर आहे का? ती वेग धरायला आणि थांबायलाही वेळ घेते, म्हणून खाच सरून गेली तरी मनगट थरथरत राहतं. लिनिअर रेझोनंट अ‍ॅक्चुएटर (वजन फिरवण्याऐवजी सरळ रेषेत मागेपुढे हलवणारी छोटी मोटर) वापरा आणि कंपन दोन-तीन आवर्तनांत तोडा. जोर वाढवू नका. साधारण 250 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 250 कंपनांच्या, आसपास त्वचा फार तल्लख असते, थोडक्यातही कळतं.

उत्तर 2
आवाजही तपासा. 1998 साली युसमाकी आणि हारी या संशोधकांनी लोकांना तळहात एकमेकांवर चोळायला लावले आणि तोच आवाज वरच्या पट्टीतला भाग वाढवून त्यांना ऐकवला. लोकांना स्वतःची त्वचा कागदासारखी कोरडी वाटू लागली! कान स्पर्श इतका बदलतात. तुमचा आवाज बोदा असेल तर खाचही बोदीच लागणार.

उत्तर 3
ऑगमेंटेडमध्ये खरं जग दिसतं, त्याचा फायदा घ्या ना. नॉबच्या मापाची लाकडी चकती खिळ्यावर सैल बसवा आणि चित्र तिच्यावर चढवा.

प्रश्नकर्ती
तिन्ही केलं, मनापासून आभार. चकती गुळगुळीत फिरते, तिला एकही खाच नाही. आवाज कोरडा, टणक केला, कंपन अगदी आखूड. नॉब फिरवून पाहणाऱ्या पहिल्या दोघांनीही आपणहून विचारलं, "आत स्प्रिंग आहे का?" आता चित्र चकतीवरून जरा सरकलं की बोटं अडखळतात, त्याच्या मागे लागले आहे. त्या आजींना पुन्हा बोलावलंय.